झाडावरचा गजरा



आपल्या मलकापुराहून आंबा गावाकडे जाणारा रस्ता तुमच्या पायाखालचा आहे. मृगाच्या तोंडावर त्या वाटेने गेलात, तर एकदा थांबा आणि मान वर करून बघा. एखाद्या जुन्या आंब्याच्या किंवा फणसाच्या फांदीवर फुलांचा लांबट घोस लोंबताना दिसेल. फुले पांढरी, त्यांवर जांभळट-गुलाबी ठिपके. बाजारातून आणलेला गजरा कुणी फांदीला अडकवून ठेवावा, तसा तो दिसतो.

म्हणूनच त्याला गजरा म्हणतात. कुणी सीतेची वेणी म्हणतात. हिंदीत द्रौपदीमाला असेही नाव आहे. शास्त्रातले नाव मात्र लांबलचक आहे : ऱ्हिंकोस्टायलिस रेट्यूसा. ते पाठ करू नका. त्याची परीक्षा नाही. अशा कुळातल्या झाडांना मराठीत आमरी आणि इंग्रजीत ऑर्किड म्हणतात, एवढे ध्यानात राहिले तरी पुष्कळ झाले.

हा गजरा आपल्या अंगणातल्या झाडावरही फुलू शकतो. त्याला जमीन लागत नाही, विहीर लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. मग काय लागते? ते सांगण्याआधी आम्ही केलेल्या दोन चुका सांगतो. त्या ऐकल्या म्हणजे पुढचे सगळे सोपे जाईल.

आमची पहिली चूक

आम्ही एका खेड्यातल्या शाळेत हेडमास्तर होतो. शाळेपुढे मोठा आंबा होता. एका वर्षी त्याला मोहोर कमी आला. फांद्यांवर बांडगूळ माजले होते. आम्ही मोठ्या मुलांना वर चढवले आणि सांगितले, "आंब्याचे नसेल ते सगळे खाली ओढा." मुलांना काय, उत्साहच! दुपारपर्यंत झाडाखाली हिरवा ढीग पडला. आम्हांला वाटले, चांगले काम झाले.

संध्याकाळी धनगरवाड्यावरचे एक म्हातारे बाबा जनावरे घेऊन परत चालले होते. त्यांनी ढीग पाहिला आणि ते थांबले. म्हणाले, "गुरुजी, ह्यातलं समदंच बांडगूळ न्हाई. ही गजऱ्याची झाडं हायती. ती आंब्याचं काय बी खात न्हाईत. उगं काढलीसा."

आम्ही म्हणालो, "बाबा, दुसऱ्याच्या अंगावर वाढते ते बांडगूळच की!"

बाबा हसले. त्यांनी ढिगातली एक बांडगुळाची फांदी उचलली. तिच्याबरोबर आंब्याचा तुकडाही मोडून आला होता. सांध्यावर मोठी गाठ होती. बांडगुळाचे लाकूड आणि आंब्याचे लाकूड एकमेकांत घुसलेले होते. मग त्यांनी गजऱ्याचे एक रोप उचलून दाखवले. त्याच्या मुळांना आंब्याच्या वरच्या सालीचा नुसता भुगा चिकटला होता. आत काही शिरलेले नव्हते.

तेव्हा आमची तीस वर्षे शिकवण्यात गेली होती. पण आमच्याच शाळेपुढचे झाड आम्ही कधी नीट पाहिले नव्हते. बाबांना अक्षर येत नव्हते, पण त्या झाडाची त्यांना पुरी माहिती होती.

गजरा आणि बांडगूळ कसे ओळखावे?

ही ओळख नीट करून घ्या. कारण बांडगूळ काढलेच पाहिजे आणि गजरा राखला पाहिजे.

बांडगूळ झाडाच्या आत मूळ घालते. झाडाने जमिनीतून ओढलेले पाणी आणि क्षार ते वरच्या वर पिते. सांध्यावर गाठ येते. गाठीपुढची फांदी हळूहळू रोडावते आणि वाळते. बांडगुळाचे फळ पक्षी खातात. त्याचे बी चिकट असते. ते दुसऱ्या फांदीला चिकटते आणि तिथे नवे बांडगूळ उगवते. म्हणून फळ धरण्याआधीच ते काढावे. नुसते ओरबाडून उपयोग नाही, ते पुन्हा फुटते. गाठीच्या खाली हातभर अंतर सोडून फांदीच कापावी.

गजऱ्याचे तसे नाही. तो फांदीवर फक्त बसतो. एखादा वाटसरू ओट्यावर टेकतो, पण घरातले धान्य खात नाही, तसे हे आहे. त्याची मुळे बोरूएवढी जाड आणि रुपेरी पांढरी असतात. काही सालीला चिकटतात, काही हवेत लोंबतात. बांडगुळाची मुळे अशी हवेत लोंबताना दिसत नाहीत. गजऱ्याची पाने जाड, पट्ट्यासारखी, वीत-दीड वीत लांब असतात. ती मक्याच्या पानांसारखी दोन्ही बाजूंना एकाआड एक येतात आणि मधे पन्हळीसारखी खोलगट असतात.

मग गजरा खातो काय? पाऊस, धुके आणि दंव यांचे पाणी तो मुळांनी घेतो. मुळांवर एक मऊ पांढरे आवरण असते. सुती फडके पाणी टिपते, तसे ते आवरण पाणी टिपून ठेवते. सालीवर पडलेली धूळ आणि कुजलेला पाला पावसाच्या पाण्यात मिसळतो, त्यातून क्षार मिळतात. बाकीचे अन्न तो इतर झाडांसारखे उन्हात स्वतःच तयार करतो. त्याची मुळेदेखील या कामात मदत करतात. मूळ ओले झाले की आतला हिरवा रंग दिसतो, तो त्याच कामाचा आहे.

आमची दुसरी चूक

त्या ढिगातली दोन रोपे आम्ही घरी नेली. केलेल्या चुकीची भरपाई करावी असे मनात होते. रॉकेलचा रिकामा डबा घेतला. त्यात माती आणि चांगले कुजलेले शेणखत भरले. रोपे त्यात लावली आणि रोज सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घातले. भाजीच्या रोपाला यापेक्षा जास्त लाड कोण करतो?

श्रावणात पाने पिवळी पडली. हात लावला तर रोप डब्यातून अलगद वर आले. खाली मूळच उरले नव्हते. सगळे कुजून चिखल झाला होता.

कारण साधे आहे. जे मूळ उघड्या हवेत राहायला बनले आहे, ते आम्ही मातीत पुरले होते. त्याला पाणी हवे, पण पाणी मिळाले की वाराही हवा. भिजावे आणि वाळावे, पुन्हा भिजावे आणि पुन्हा वाळावे, ही त्याची रीत आहे. गजरा जेवढा पाण्यावाचून मरतो, त्याहून जास्त आपल्या अति काळजीने मरतो.

तिसऱ्या वेळी आम्ही बाबांना विचारून काम केले. वळवाच्या वाऱ्यात आमच्या शेजाऱ्यांच्या बांधावरची एक फांदी मोडून पडली होती. तिच्यावर गजऱ्याचे एक रोप होते. शेजाऱ्यांना विचारून आम्ही ते उचलले आणि घरामागच्या फणसाला बांधले. तीन वर्षे त्याने फक्त पाने दिली. चौथ्या वर्षी ज्येष्ठात पहिली वेणी आली. आमच्या घरची मंडळी त्या दिवशी शेजारीपाजारी बोलावणे करून आली.

गजरा कसा बांधावा?

वेळ : पहिला पाऊस पडला की लगेच. या दिवसांत नवी मुळे फुटतात. पाऊस संपेपर्यंत ती सालीला घट्ट धरतात.

झाड : आंबा, फणस, चिंच अशी खडबडीत सालीची झाडे चांगली. पेरू आणि निलगिरी नको. त्यांची साल सुटून पडते, तिच्याबरोबर आपला गजराही खाली येईल.

जागा : सकाळचे कोवळे ऊन मिळावे, दुपारी पानांची चाळणी केलेली सावली असावी. वारा खेळता असावा. पुरुषभर उंचीवर बांधले तर पाणी घालायला आणि पाहायला सोपे जाते.

रीत : आधी कुजलेली आणि पोकळ मुळे स्वच्छ कात्रीने कापा. चांगली मुळे सालीला टेकवा. रोप थोडे तिरपे धरा, म्हणजे शेंड्याच्या खोबणीत पाणी साचणार नाही. काथ्याच्या किंवा सुती दोरीने बांधा. रोप हलता कामा नये, पण दोरी खोडात रुतताही कामा नये. तार वापरू नका. माती, शेण, चिखल काही थापू नका. मुळे उघडीच राहू द्या.

अंगणात झाड नसेल तर? लाकडी पट्ट्यांची उघडी टोपली करा. तिच्यात लाकडी कोळशाचे आणि विटांचे मोठे तुकडे टाका. त्यावर रोप बसवा आणि टोपली पडवीच्या वाशाला, उजेडाच्या बाजूला टांगा. नारळाची सोडणे किंवा जाड सालीचा ओंडकाही चालतो. फक्त पाणी कुठेही साठू नये.

वर्षभराची निगा

ज्येष्ठ ते भाद्रपद : झाडावरच्या गजऱ्याला पाणी घालू नका. आपल्या तालुक्यातला पाऊस त्याला पुरून उरतो. या दिवसांत शत्रू एकच, गोगलगाय. ती मुळांची कोवळी टोके खाते. रात्री बॅटरी घेऊन जा आणि हाताने वेचून काढा. पाऊस उघडला की पंधरा दिवसांतून एकदा पातळ खत शिंपडले तर वाढ चांगली होते. आपण पिकाला देतो ते पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ खत चालते. प्रमाण मात्र एक लिटर पाण्याला अर्धा ग्रॅम, म्हणजे चिमूटभरच. जास्त खताने मुळे जळतात.

आश्विन ते माघ : पाऊस गेला की नव्या रोपाला आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी पाणी शिंपडा. पहिली एक-दोन वर्षे ही मदत लागते. एकदा मुळे पसरली की झाडावरचा गजरा दवावर आणि धुक्यावर निभावून नेतो. टांगलेल्या टोपलीला मात्र पाणी द्यावे लागते.

फाल्गुन ते वैशाख : ऊन वाढते. नव्या रोपाला रोज सकाळी पाणी शिंपडा. पाणी सकाळीच द्या, म्हणजे रात्रीपर्यंत पाने कोरडी होतात. याच दिवसांत पानांच्या बेचक्यातून हिरवा कोंब निघतो. मूळ आणि कोंब यांत गल्लत होते. मूळ रुपेरी असते. कोंबावर बारीक कळ्यांचे दाणे दिसू लागतात. कोंब दिसला की रोप हलवू नका आणि टोपली फिरवू नका.

पाणी हवे की नको, हे मुळेच सांगतात. मूळ रुपेरी दिसले तर पाणी द्या. हिरवे दिसले तर थांबा. ऊन हवे की नको, हे पाने सांगतात. पाने काळपट हिरवी आणि लुळी झाली तर उजेड कमी पडतो. पिवळट झाली किंवा त्यांवर करपल्याचे डाग आले तर ऊन जास्त होते. पोपटी हिरवे, ताठ पान म्हणजे सगळे ठीक.

पाण्यातही फरक असतो. पावसाचे पाणी सर्वांत चांगले. खाऱ्या कूपनलिकेचे पाणी देऊ नका. त्यातले क्षार मुळांवर बसतात.

पानांवर बारीक खवल्यांसारखी कीड दिसली तर साबणाच्या पाण्यात मऊ फडके बुडवून पुसून काढा. शेंडा काळा पडून मऊ झाला तर ती कूज समजा. कुजलेला भाग ताज्या पात्याने कापा, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा आणि काही दिवस पाणी बंद ठेवा.

जंगलातून का आणू नये?

आता कुणी म्हणेल, "गुरुजी, आंब्याच्या जंगलात गजरे पुष्कळ. पोतेभर आणू आणि गावभर लावू."

असे करू नका. त्याचे कारण नीट समजून घ्या.

उसाची कांडी लावली की ऊस उगवतो. एका उसाचे वर्षभरात बेट होते. गजऱ्याचे तसे नाही. त्याची कांडी लावून रोप होत नाही. बगलेला फूट येते, पण फार क्वचित. नवे रोप यायचे ते बियांतून.

बी तर पुष्कळ येते. फुलानंतर बोंड धरते. एका बोंडात हजारो बिया असतात, कधी त्या लाखावरही जातात. पण ते बी म्हणजे नुसती धूळ. तंबाखूचे बी त्याच्यापुढे मोठे वाटेल. ज्वारीच्या दाण्यात कोंबासाठी शिदोरी असते, तशी शिदोरी या बियांत नसते. वाऱ्याने उडून ते योग्य सालीवर पडावे लागते. तिथे एका जातीची बारीक बुरशी असावी लागते. ती बुरशी बियाला पहिले अन्न पुरवते, तेव्हा ते रुजते. ही गोष्ट १८९९ साली फ्रान्समधल्या नोएल बेर्नार या शास्त्रज्ञाने शोधून काढली. हजारो बियांतून एखादेच रोप होते. त्याला फूल यायला आणखी काही वर्षे जातात. म्हणजे आपण एका दुपारी पोते भरतो, ते पुन्हा भरून यायला निसर्गाला किती वर्षे लागतील याचा विचार करा.

पुढे १९२२ साली अमेरिकेतल्या लुईस नुडसन यांनी बुरशीवाचून बी रुजवण्याची रीत दाखवली. काचेच्या बाटलीत साखर आणि क्षार घातलेल्या खळीवर बी पेरायचे. आज प्रयोगशाळांत अशी रोपे तयार होतात आणि चांगल्या रोपवाटिकांत विकत मिळतात. आपल्या देशात आमरींवर काम करणारे सरकारी केंद्र सिक्कीममधल्या पाक्योंग येथे १९९६ पासून आहे. विकत घ्यायचे तर प्रयोगशाळेत वाढवलेले रोप मागावे. रस्त्याच्या कडेला पोत्यातून विकतात, ते बहुधा जंगलातून ओरबाडलेले असते.

शिवाय कायदाही आहे. राखीव जंगलातून परवानगीवाचून झाडपाला काढणे हा १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. देशाबाहेर आमरी नेण्या-आणण्यावर १९७५ पासून जगातल्या अनेक देशांच्या करारानेही बंधन आहे. आपल्या सह्याद्रीतली जंगले २०१० साली व्याघ्र प्रकल्पात आली. २०१२ साली पश्चिम घाटातल्या निवडक जंगलांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या वारशात वाघ आहे, गवा आहे, तसा हा गजराही आहे.

आसामात गजऱ्याला कोपौ फूल म्हणतात. ते त्या राज्याचे राज्यफूल आहे, जसे आपल्या महाराष्ट्राचे ताम्हण. एप्रिलच्या मध्यावर तिथे बिहूचा सण येतो. मुली केसांत कोपौ माळून नाचतात. जे फूल तिथे एवढ्या मानाने मिरवते, तेच आपल्या फांदीवर लोंबते आणि आपण त्याला बांडगूळ समजून ओढून टाकतो.

मग आपण काय करावे?

आपल्या भागातली रस्त्याकडेची जुनी झाडे आता विरळ झाली. रस्ते रुंद होतात, तेव्हा झाडे पडतात. रस्ता हवा, दवाखाना जवळ यावा, यात दुमत नाही. पण जुना आंबा पडतो तेव्हा त्याच्यावरचे गजरेही पडतात. पंधरा दिवस उन्हात पडून ते वाळून जातात. त्याआधी ते उचलता येतात.

म्हणून झाड पडलेले दिसले की ज्याचे झाड त्याला विचारा. सरकारी असेल तर त्या खात्याच्या माणसाला विचारा. परवानगी मिळाली की रोपे मुळांसकट हळूच सोडवा आणि त्याच दिवशी गावातल्या झाडांना बांधा. शाळेच्या झाडाला बांधा, देवळाच्या झाडाला बांधा. आणि मुलांना दाखवा : हे बांडगूळ, हा गजरा.

आमच्या शाळेपुढचा तो आंबा अजून उभा आहे. आम्ही नोकरीतून मोकळे होण्याआधी आमच्या फणसावरच्या गजऱ्याला बगलेने एक फूट आली. तिला स्वतःची मुळे फुटल्यावर आम्ही ती वेगळी केली आणि मुलांच्या हातून त्या आंब्याला बांधली. जिथून ढीगभर काढले, तिथे एक परत लावले. हिशेब काही जुळत नाही, हे आम्हांला कळते. पण ते एक रोप तिथे रुजले आहे. पुढचे काम तुमचे.

ध्यानात ठेवा

१. बांडगूळ झाडात मूळ घालते. गजरा सालीवर फक्त बसतो.
२. गजऱ्याला माती आणि शेणखत घालू नये.
३. मूळ रुपेरी तर पाणी, मूळ हिरवे तर थांबा.
४. बांधायची वेळ पावसाच्या सुरुवातीची.
५. जंगलातले रोप जंगलातच राहू द्या. पडलेले रोप विचारून उचला.

शब्द समजून घ्या

आमरी : ऑर्किडच्या कुळातले झाड
कूज : झाडाचा भाग सडण्याचा रोग
शिदोरी : प्रवासात बरोबर नेलेले अन्न
सोडण : नारळावरची काथ्याची साल

सांगा पाहू

१. मास्तरांच्या डब्यातली रोपे का मेली?
२. पेरूच्या झाडाला गजरा का बांधू नये?
३. तुमच्या गावात कोणत्या झाडावर गजरा आहे? उद्या जाऊन बघा आणि त्या जागेचे नाव वहीत लिहा.